प्लीहोदर, रोहितकारिष्ट आणि उसने विकर

कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत वैद्यकी करणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या बोटांना वाढलेली प्लीहा परिचयाची आहे. माथेरानच्या डोंगराखालच्या ठाकूरवाड्या, कशेळे-कळंबकडील पाडे, खोपोलीच्या आसपासच्या कातकरी वस्त्या येथून येणाऱ्या बालकाला उताणे निजवून, गुडघे दुमडावयास सांगून डाव्या बरगडीखाली हात नेला की ती पुष्कळदा हाताला लागते. हिवताप हे तिचे आपल्याकडील जुने कारण. त्याच्या जोडीला सिकलसेल व थॅलॅसेमिया हे रक्तविकारही आता आपल्या ध्यानी येऊ लागले आहेत. अशा वेळी आपला हात सवयीने लेखणीकडे जातो आणि रोहितकारिष्ट, आरोग्यवर्धिनी, सोबत मंडूराचा एखादा कल्प अशी चिठ्ठी तयार होते. हिवताप असेल तर त्याची रीतसर चिकित्सा होते, प्लीहा यथावकाश उतरते आणि श्रेय बहुधा अरिष्टाच्या बाटलीला मिळते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु जी प्लीहा सहा आठवड्यांनी उतरत नाही, सहा महिन्यांनी उतरत नाही, उलट नाभीकडे सरकत राहते, तिच्याविषयी चार शब्द वैद्यबंधूंपुढे व औषधी विक्रेत्यांपुढे ठेवावेत, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

अशा न उतरणाऱ्या प्लीहेमागील कारणांपैकी एक म्हणजे गोशे रोग. फिलिप गोशे या फ्रेंच वैद्यकाने १८८२ साली आपल्या प्रबंधात एका बत्तीस वर्षांच्या स्त्रीच्या अवाढव्य प्लीहेचे वर्णन केले. त्याला ते प्लीहेचे अर्बुद वाटले होते. खरे कारण उमगण्यास ऐंशीहून अधिक वर्षे जावी लागली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॉ. रॉस्को ब्रेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या मध्यास दाखवून दिले की, या रुग्णांच्या शरीरात ग्लुकोसेरेब्रोसिडेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, सदोष व अपुरे असते. आपल्या रक्तातील जुन्या पेशी रोज मोडीत निघतात. त्यांच्या आवरणातील एक स्निग्ध द्रव्य भक्षक पेशींच्या पोटातील लयकारिकांमध्ये पचवले जाते. ते पचविणारे विकरच धड नसल्यामुळे द्रव्य साचते, भक्षक पेशी फुगतात, आणि जेथे या पेशींची वस्ती दाट, म्हणजे प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा, तेथे त्या फुगलेल्या पेशींची गर्दी होते. प्लीहा व यकृत वाढतात. मज्जेत जागा न उरल्याने रक्त कमी होते, प्लेटलेट घटतात, नाकातून रक्त येते, किरकोळ आघातानेही अंगावर निळे डाग उठतात. हाडे आतून पोखरली जातात, रात्री मांडीचे हाड असह्य दुखते, मुलाची उंची खुंटते.

हे वर्णन वाचून आपल्याला काय आठवते? वामपार्श्वी दगडासारखी कठीण, कासवाच्या पाठीप्रमाणे उंचावलेली प्लीहा, सोबत दौर्बल्य, पांडुता, मंद ज्वर. चरकाने उदरचिकित्सेत रेखाटलेले प्लीहोदराचे चित्र याहून फारसे वेगळे नाही. त्यामुळेच हे मूल बालरोगतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी आपल्या दारी येते. प्लीहोदर हे निदान येथे चुकीचे असते असे मी म्हणणार नाही. मात्र तेथेच थांबणे चुकीचे असते. लक्षणावरून ठेवलेल्या त्या नावाखाली निदान पाच-सहा वेगवेगळे रोग येतात आणि त्यांची चिकित्सा एक नाही.

आता चिकित्सेकडे वळतो. जे विकर शरीर घडवीत नाही ते बाहेरून द्यावे, ही कल्पना सोपी. ती प्रत्यक्षात उतरवणे अत्यंत कठीण. ब्रेडी यांच्या गटाने मानवी वारेतून हे विकर वेगळे काढले. प्रथम ते शिरेवाटे दिल्यावर भक्षक पेशींपर्यंत पुरेसे पोचेना. तेव्हा विकराला चिकटलेल्या शर्करेच्या साखळ्यांची टोके छाटून आतील मॅनोज ही शर्करा उघडी करण्यात आली. भक्षक पेशींच्या पृष्ठावर मॅनोज ओळखून आत ओढणारी रचना असते, ती या विकराला आत घेऊ लागली. ही युक्ती मला या साऱ्या कथेतील सर्वांत सुंदर भाग वाटते. औषधाला योग्य स्थानी नेणाऱ्या अनुपानाचा विचार करणाऱ्या आपल्या मंडळींना तर ती विशेष भावावी. १९९१ साली वारेपासून बनविलेल्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यासाठी वारा हजारोंच्या संख्येने गोळा कराव्या लागत. १९९४ मध्ये एका जातीच्या उंदरासारख्या प्राण्याच्या, हॅमस्टरच्या, अंडाशयपेशींत मानवी जनुक घालून तेच विकर प्रयोगशाळेत घडविण्यात यश आले व इमिग्लुसिरेज हे औषध बाजारात आले. २०१० साली वेलाग्लुसिरेज आणि २०१२ साली टॅलिग्लुसिरेज यांची भर पडली. यांपैकी शेवटचे गाजराच्या पेशींत घडविले जाते. ही माहिती लिहिताना मला थोडी धास्ती वाटते, कारण उद्या कोणीतरी गोशे रोगावर गाजरपाक विकावयास काढील. म्हणून स्पष्ट करतो: त्या पेशी बंद पात्रात वाढविलेल्या, मानवी जनुक घातलेल्या असतात. बाजारातील गाजरात हे विकर नसते, आणि असते तरी पोटात गेल्यावर ते अन्य प्रथिनांप्रमाणे पचून गेले असते. म्हणूनच ते शिरेवाटे द्यावे लागते.

मात्रा पूर्ण दिल्यास प्रतिकिलो ६० युनिट, दर दोन आठवड्यांनी, सलाईनमधून, एक ते दोन तासांत. वीस किलो वजनाच्या मुलाला एका वेळी १२०० युनिट लागतात. ४०० युनिटच्या कुपीप्रमाणे तीन कुप्या झाल्या. वर्षातून सव्वीस वेळा म्हणजे अठ्ठ्याहत्तर कुप्या. मूल वाढले, चाळीस किलोचे झाले की एकशे छप्पन्न. औषध जितके लागू पडावे तितके मुलाचे वजन वाढावे आणि वजन वाढावे तितका खर्च वाढावा, असा हा हिशेब आहे. औषध आयुष्यभर चालू ठेवावयाचे असते.

लाभ काय होतो, तेही तोलून सांगितले पाहिजे. काही महिन्यांत प्लीहा व यकृत आकसू लागतात, रक्त वाढते, प्लेटलेट वाढतात, मूल उंची धरू लागते. अस्थींचा लाभ सावकाश, वर्षांच्या हिशेबाने दिसतो. परंतु खुब्याच्या हाडाचे डोके एकदा मृत होऊन खचले की कोणतेही विकर ते पुन्हा उभे करीत नाही. शिवाय हे मोठे रेणू रक्तातून मेंदूत शिरत नाहीत. या रोगाचा जो प्रकार तान्ह्या वयात मेंदूवर आघात करतो त्यात या चिकित्सेचा उपयोग होत नाही; जो मधला प्रकार आहे त्यात प्लीहा उतरते, पण मेंदूची लक्षणे रोखली जात नाहीत. आपल्या देशातील रुग्णांत या मधल्या प्रकाराशी निगडित जनुकदोष वारंवार आढळतो, हे भारतीय प्रयोगशाळांनी दाखविले आहे. म्हणून पालकांना आशा देताना मोजून द्यावी. पॉम्पे, फॅब्री, हर्लर, हंटर आदी याच कुळातील अन्य रोगांसाठीही २००१ पासून अशीच विकरे एकामागून एक उपलब्ध झाली. त्यांचा विस्तार येथे करीत नाही. पॉम्पेचे मूल हृदय व स्नायूंच्या दुर्बलतेने येते, हर्लरचे जाड चेहरा, आखडलेले सांधे व नाभीचा हर्निया घेऊन येते, एवढे ध्यानात ठेवले तरी आरंभापुरते पुरे.

या विषयावर आपल्या मंडळींत जी चर्चा ऐकू येते तिच्याविषयी मला स्पष्ट बोलावयाचे आहे. एका बैठकीत एक ज्येष्ठ सहकारी मला म्हणाले, ‘‘यात नवे ते काय? विकर म्हणजे अग्नी. धात्वग्नी मंद झाला की धातू वाढतो, हे वाग्भटाने सांगून ठेवले आहे. दीपन-पाचन द्या, वर्धमान पिप्पली द्या, साचलेले आपोआप पचेल.’’ त्यांच्या पांडित्याविषयी मला आदर आहे आणि उपमा आकर्षक आहे हेही मान्य. धात्वग्निमांद्याने अपक्व द्रव्य साचणे आणि लयकारिकेत स्निग्ध द्रव्य साचणे यांत साम्य दिसते खरे. परंतु साम्य दिसणे आणि चिकित्सा लागू पडणे यांत मोठे अंतर आहे. मंद झालेला अग्नी प्रदीप्त होतो. येथे विकर कसे घडवावे हा बीजातील लेखच चुकलेला आहे. चरकाने शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागाचा अवयव येथवर दोषाचा माग काढला आहे. त्या ठिकाणचा दोष कोठ्यात दिलेल्या चित्रकाने वा पिंपळीने दुरुस्त होतो असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. उलट प्रमेहचिकित्सेत कुलज विकारांना तो असाध्यात ढकलतो. सुश्रुत अशा रोगांना आदिबलप्रवृत्त म्हणून स्वतंत्र गटच देतो. आपल्याच आचार्यांनी जेथे हात आखडता घेतला तेथे आपण त्यांच्या नावावर बाटल्या विकू लागलो, तर तो ग्रंथांचाच अवमान होय.

ग्रंथांचा खरा उपयोग मला येथे दुसऱ्या जागी दिसतो. असाध्याचे दोन भेद चरकाने केले. एकाला उपाय नाही. दुसरा याप्य, म्हणजे समूळ जात नाही, परंतु पथ्य व औषध चालू आहे तोवर रुग्ण जगतो, वावरतो, आणि ते थांबले की रोग उसळतो. पडू पाहणाऱ्या घराला नीट लावलेल्या टेकूचा दृष्टान्त सुश्रुताने याच संदर्भात दिला आहे. दर पंधरवड्याला शिरेवाटे दिले जाणारे विकर हा असा टेकू आहे. गोशे रोग १९९१ पर्यंत आपल्या व पाश्चात्त्यांच्या, दोघांच्याही लेखी जवळपास निरुपाय होता. प्लीहा काढून टाकणे एवढाच इलाज होता आणि त्यानंतर हाडांची दुर्दशा वाढे. त्या वर्षी हा रोग एका कोटीतून दुसऱ्या कोटीत गेला. वैद्याने ही घटना आपल्या परिभाषेत नोंदवावी आणि त्याप्रमाणे वागावे. औषध कोणाच्या कारखान्यात तयार झाले हा प्रश्न याप्यत्वाच्या निर्णयात येत नाही.

आता जेथे आपल्या हातून प्रत्यक्ष अपाय घडू शकतो त्या जागांकडे येतो. पहिली जागा लोहकल्पांची. प्लीहेसह पांडुता दिसली की मंडूर, नवायस लोह, पुनर्नवामंडूर हे ठरलेले. गोशे रोगात रक्त कमी असते ते लोह कमी म्हणून नव्हे. मज्जा व्यापलेली आणि प्लीहा रक्तपेशी अडवून धरणारी म्हणून. या रुग्णांत फेरिटिनची मात्रा बहुधा वाढलेलीच असते. वर्षभर मंडूर देऊनही हिमोग्लोबिन जागचे हलत नसेल तर मात्रा वाढविण्याआधी फेरिटिन पाहावे. दुसरी जागा रक्तमोक्षणाची. प्लीहोदरात डाव्या कोपराच्या आतील सिरेचा वेध सुश्रुताने सांगितला आहे आणि पंचकर्म केंद्रांच्या या दिवसांत तो करून पाहण्याची हौसही वाढली आहे. प्लेटलेट चाळीस हजारांवर आलेल्या मुलाच्या बाबतीत ही हौस जिवावर बेतेल. प्लेटलेट मोजल्याविना प्लीहावृद्धीत जळू लावू नये, सुई तर नाहीच नाही. तिसरी जागा उदराभ्यंगाची: वाढलेली प्लीहा जोराच्या मर्दनाने फाटू शकते. आणि चौथी, जी आपली नसली तरी आपल्या डोळ्यांदेखत घडते, ती वाड्यांवरील डागण्याची. मुलाच्या पोटावर डाव्या बाजूला डागाचे व्रण दिसले तर घरच्यांना रागे भरण्यात अर्थ नाही. कोणीतरी आपल्या आधी ती प्लीहा चाचपून पाहिली होती, एवढा बोध त्या व्रणांतून घ्यावा व रोग किती जुना आहे याची नोंद करावी.

मुदतीचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्लीहा वाढलेले मूल प्रथम आले त्याच दिवशी हिवतापासाठी रक्त पाहावे, संपूर्ण रक्तगणना प्लेटलेटसह करवावी, सिकलसेलची चाचणी करवावी. प्लीहा बरगडीखाली किती बोटे आहे हे केसपेपरवर आकड्यात लिहावे. ‘प्लीहा ++’ या चिन्हाने पुढच्या वेळी काहीच कळत नाही. हिवताप नसेल वा त्याची चिकित्सा पूर्ण झाली असेल, आणि सहा आठवड्यांनी प्लीहा तेवढीच वा अधिक भरली, तर दुसरी बाटली न लिहिता सोनोग्राफी करून मुलाला पुढे पाठवावे. रात्री हाडे दुखतात का, नाकातून रक्त येते का, घरात दुसरे एखादे मूल असेच पोट मोठे होऊन गेले का, हे तीन प्रश्न आजीला विचारावेत. आई पुष्कळदा सासरी नवी असते, जुन्या मृत्यूंची स्मृती आजीजवळ असते. रोगाचे नाव आपल्याला सांगता आले नाही तर त्यात कमीपणा नाही. वैद्याने त्याची लाज बाळगू नये असे चरकानेच त्रिशोथीय अध्यायात बजावले आहे. नाव ठरविण्याची चाचणी सोपी आहे: रक्तातील पांढऱ्या पेशींत वा कागदावर वाळविलेल्या रक्ताच्या थेंबात विकराची मात्रा मोजतात, नंतर जनुकाची तपासणी होते.

औषधी विक्रेत्यांना माझी एक विनंती आहे. रोहितकारिष्टासाठी चिठ्ठी कोणी मागत नाही, हे आपण सारे जाणतो. नेरळ, कर्जत, चौक, खोपोली येथील दुकानांतून ते सर्रास मिळते आणि एकदा गुण आला अशी समजूत झाली की कुटुंब परस्पर बाटल्या नेत राहते. त्याच मुलासाठी तिसरी बाटली मागितली जाईल तेव्हा, ‘‘कोणत्या वैद्यांनी सांगितले? शेवटचे कधी दाखवलेत?’’ असे विचारावे. गल्ल्यावरून विचारलेला हा एक प्रश्न सहा महिने वाचवू शकतो. दुसरे असे की, ‘आनुवंशिक रोगांवर खात्रीचा इलाज’ अशी पत्रके काउंटरवर ठेवू नयेत. औषध व सौंदर्यप्रसाधन नियम, १९४५ यांतील परिशिष्ट ‘जे’मध्ये, ज्या रोगांपासून मुक्तीचा दावा औषधाने करू नये त्यांच्या यादीत, जनुकीय विकारांचा समावेश आहे. ते परिशिष्ट आपल्या कल्पांना किती लागू होते याचा काथ्याकूट वकिलांनी करावा. विकणाऱ्याला मुलाचा बाप समोर उभा दिसत असतो.

‘दुर्मिळ’ या शब्दाने आपली थोडी दिशाभूल होते. गोशे एकटा फार विरळ, हे खरे. परंतु लयकारिकांचे पन्नासच्या आसपास रोग एकत्र धरले तर जगभरच्या अंदाजांप्रमाणे पाच ते आठ हजार जन्मांमागे असे एक मूल येते. कर्जत व खालापूर मिळून २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या चार लाखांच्या घरात होती. हजारी सोळा हा जन्मदर धरून ढोबळ हिशेब केला तर वर्षाला सहा-साडेसहा हजार जन्म होतात, म्हणजे वर्षाकाठी सुमारे एक मूल. त्यातील सर्वांना विकराची चिकित्सा उपलब्ध नाही. तरीही वीस वर्षांच्या वैद्यकीत अशी वीसेक मुले या दोन तालुक्यांत जन्मली असतील, आणि आपल्या सर्वांच्या दप्तरांत मिळून त्यांतील किती नावे नोंदलेली निघतील? उरलेली हिवताप, कुपोषण, ‘पोटात गाठ’ या नावांखाली गेली, असेच मानावे लागते.

पुढे पाठवावयाचे म्हणजे कोठे, याचे उत्तर सुदैवाने आपल्यापुरते सोपे आहे. दुर्मिळ आजारांच्या उपचारांसाठीचे राष्ट्रीय धोरण मार्च २०२१ मध्ये जाहीर झाले तेव्हा देशात मोजकी उत्कृष्टता केंद्रे नेमण्यात आली, त्यांत मुंबईचे परळ येथील के.ई.एम. रुग्णालय आहे. कर्जतहून लोकलने दादर आणि तेथून परळ. विदर्भातल्या वा मराठवाड्यातल्या वैद्याच्या तुलनेत आपण भाग्यवान आहोत. या धोरणात गोशे रोग तिसऱ्या गटात, म्हणजे उपचार उपलब्ध पण खर्चिक व आजन्म, असा मोडतो. २०२१ च्या मूळ धोरणात या गटाला थेट अर्थसाहाय्य नव्हते. लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर नाव नोंदविण्याची सोय तेवढी होती. मे २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन कोणत्याही गटातील रुग्णाला उत्कृष्टता केंद्रात ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य देण्याचे ठरले. एप्रिल २०२३ पासून अशा रोगांसाठी वैयक्तिक उपयोगाकरिता आयात होणाऱ्या औषधांवरील सीमाशुल्कही माफ झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण याप्य रोगाला एकरकमी मर्यादा घालणे म्हणजे टेकूला मुदत घालणे होय. वर दिलेला कुप्यांचा हिशेब पाहिला की, वाढत्या मुलाच्या बाबतीत ही रक्कम किती पुरेल याचा अंदाज कोणीही बांधू शकेल. औषध मधेच थांबले तर प्लीहा पुन्हा वाढते. मुलाला दोन वर्षे बरे करून पुन्हा त्याच पोटासह घरी पाठविण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर धोरणात दिसत नाही.

न्यायालयांसमोर हा प्रश्न वारंवार गेला आहे. एप्रिल २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका रिक्षाचालकाच्या गोशेग्रस्त मुलाच्या प्रकरणात, खर्च अफाट आहे म्हणून राज्याला हात झटकता येणार नाही असा निर्णय देऊन दिल्ली सरकारला विनामूल्य औषध पुरविण्यास सांगितले. त्या मुलाची आधीची भावंडे याच रोगाने गेली होती. कंपन्यांचे धर्मादाय कार्यक्रमही आहेत. इमिग्लुसिरेज बनविणाऱ्या जेन्झाइमने १९९९ पासून भारतात काही रुग्णांना औषध विनामूल्य दिले. मी त्याबद्दल कृतज्ञता व्यक्त करतो आणि तरीही म्हणतो की, आजन्म औषध एखाद्या कंपनीच्या दानशूरतेवर टांगलेले असू नये. २००९ साली त्याच कंपनीच्या अमेरिकेतील कारखान्यात पेशीसंवर्धनात विषाणू शिरला, उत्पादन थांबले आणि पैसे मोजणाऱ्या देशांतील रुग्णांनाही मात्रा कमी करून घ्यावी लागली. औषध देशात घडले पाहिजे. लसी व जैव औषधे मोठ्या प्रमाणावर बनविणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पट्ट्यात ते अशक्य आहे असे मला वाटत नाही.

एवढे सारे जुळून आले, मूल परळला पोचले, निदान झाले, औषध मंजूर झाले, तरी खरी परीक्षा नंतर आहे. पंधरा दिवसांतून एकदा परळ, म्हणजे वाडीवरून कर्जतपर्यंत येणे, लोकल, दिवसभर रुग्णालय, रात्री परत. बापाची एक नव्हे, दोन दिवसांची मजुरी बुडते. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघाले की पावसाळ्यापर्यंत गावी नसते. सव्वीसपैकी दहा-बारा फेऱ्या तेथेच हुकतात. म्हणून माझी मागणी अशी की, परळला आरंभीचे काही महिने औषध निर्वेध सहन झाले की पुढील मात्रा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात देण्याची व्यवस्था व्हावी. कुप्या दोन ते आठ अंश तापमानात राहाव्या लागतात. लसींसाठी अशी शीतसाखळी सरकारी रुग्णालयांना नवी नाही. सलाईन चालू असताना ताप, पित्त उठणे, क्वचित श्वास लागणे असे घडू शकते, त्यासाठी प्रशिक्षित परिचारिका व डॉक्टर हवेत. हे सारे अशक्य कोटीतले नाही. आपल्या संघटनेने जिल्हा शल्यचिकित्सकांकडे हा प्रस्ताव लेखी न्यावा. वैद्यांच्या संघटनेने आधुनिक औषधासाठी रदबदली केली तर काहींच्या भुवया उंचावतील. उंचावोत.

त्या कुटुंबाजवळ वर्षानुवर्षे राहणारा माणूस मात्र आपण असणार. मधल्या ज्वरात मूल आपल्याकडेच येईल. आहार, पचन, लसीकरण, दर महिन्याचे वजन, चुकलेली फेरी, वीटभट्टीचा पत्ता, हे सारे आपण पाहू शकतो. वजनाची नोंद तर थेट औषधाच्या मात्रेशी जोडलेली आहे. या काळात आपली औषधे द्यावयाचीच असतील तर ती परळच्या डॉक्टरांना लेखी कळवून द्यावीत, आणि भस्मे व रसकल्प टाळावेत. अधूनमधून यकृताच्या तपासण्या होतात तेव्हा कशाने काय बिघडले हे न कळण्याचा घोळ उभा राहू नये. अग्नी, निद्रा, मलप्रवृत्ती यांसाठीची सौम्य चिकित्सा मात्र या मुलांना सुखावते, आणि तिला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही.

आणखी एका कर्तव्यात तर आपली जागा कोणीच घेऊ शकत नाही. हा रोग मुलाला होतो तेव्हा आई व बाप दोघेही सदोष जनुकाचे वाहक असतात, स्वतः निरोगी असतात, आणि प्रत्येक गर्भात चारातील एक शक्यता रोगाची असते. आपल्या समाजात मामाची वा आत्याची मुलगी करण्याची चाल आहे. अशा विवाहात ही गाठ पडण्याचा संभव वाढतो. चरकाने शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायाचे नावच अतुल्यगोत्रीय ठेवले, ते उगीच नव्हे. निदान झालेल्या मुलाच्या भावंडांची प्लीहा त्याच आठवड्यात पाहावी, आणि पुढची गर्भधारणा होण्यापूर्वी दांपत्याला परळच्या जनुकीय सल्ल्यासाठी पाठवावे. गर्भाची तपासणी आरंभीच्या महिन्यांत होऊ शकते. हे बोलताना सुनेच्या माहेराकडे बोट दाखविले जाते, तेव्हा दोष दोन्ही बाजूंनी सारखा आला आहे हे सासूच्या समक्ष, स्पष्ट शब्दांत सांगावे.

परळला पाठवितानाच्या पत्राविषयी शेवटचे. ‘प्लीहोदर, पुढील तपासणीसाठी’ एवढ्या ओळीवर मूल सर्वसाधारण बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत उभे राहील. पत्रात वय, वजन, उंची, प्लीहा व यकृत किती बोटे, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, हिवताप व सिकलसेल चाचणीचा निष्कर्ष, हाडांचे दुखणे, भावंडांचे मृत्यू, आईबापांचे नाते, आजवर दिलेली आपली औषधे बाटल्यांच्या संख्येसह, आणि ‘लयकारिकांच्या साठवण विकाराची शंका’ हे शब्द लिहावेत. खाली आपला दूरध्वनी द्यावा. वाडीवर निरोप पोचविण्यासाठी रुग्णालयाला दुसरा मार्ग नसतो.